विहिरीच्या कठड्यावरची खूण: भूजल संशोधनात नेमकं काय करतात?

भूगर्भी

भूशास्त्र शिकणाऱ्या दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच प्रश्न विचारला: भूजलशास्त्रज्ञ दिवसभर करतो तरी काय, आणि अख्खं आयुष्य घालवावं इतकं संशोधन त्यात आहे का? व्यनिला उत्तर लिहायला बसले तर मजकूर वाढतच गेला, म्हणून धागा काढते. या कामात मला २६ वर्षं झाली.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. या शास्त्राबद्दल मी जे शिकले, त्यातलं निम्मं तरी तिथेच शिकले.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका निरीक्षण विहिरीची २२ वर्षांची नोंद माझ्या हाती आली. वर्षातून चारदा कुणीतरी जाऊन फीत सोडायचं आणि कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहायचं. मी आलेख काढला. एका ठरावीक वर्षापासून पाणी ४२ सेंटिमीटर खाली गेलेलं दिसत होतं आणि पुढे ती तूट कधी भरूनच निघाली नव्हती. पाऊसमान नेहमीसारखं. त्याच सुमारास थोड्या अंतरावर एक नवी बोअर पडली होती. मी लगेच सांगड घातली: बोअरच्या उपशाने विहीर उतरली. अहवालात तसं लिहूनही टाकलं.

तो बोअरवाला शेतकरी स्वतः कार्यालयात आला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला, "बाई, एकदा विहिरीवर येऊन बघा." गेले. विहिरीच्या कठड्याचे खालचे दगड जुने, शेवाळलेले. त्यांच्यावर दोन थर नवे, सिमेंटचा रंगही वेगळा. लहान मुलं वाकून बघतात म्हणून कठडा उंच केला होता. नव्या थरांची उंची मोजली: ४२ सेंटिमीटर. पाणी होतं तिथेच होतं. मोजायची जागा वर गेली होती, आणि वहीत ते कुणी लिहिलं नव्हतं.

अहवाल मागे घेतला. त्या माणसाची त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून कुठलीही जुनी नोंद वापरण्याआधी मी त्या विहिरीपाशी जाऊन उभी राहते.

आता काम काय, ते सांगते. जमिनीखाली नद्या वाहतात असा पुष्कळांचा समज असतो. चुनखडीतल्या गुहा किंवा लाव्हाच्या पोकळ्या सोडल्या, तर पाणी वाळूच्या कणांमधल्या फटीत आणि खडकांच्या भेगांत असतं आणि फार सावकाश सरकतं, कधी दिवसाला मीटरभर, कधी वर्षाला मीटरभर, कधी त्याहूनही कमी. वेगवेगळ्या खडकांची पाणी वाहून नेण्याची क्षमता अब्जावधी पटींनी बदलते. भरड खडी आणि अखंड ग्रॅनाइट यांची तुलनाच होत नाही. त्यात खडक दिसत नाही, पाणीही दिसत नाही. आपल्या हाती असतात थोडी भोकं, त्यांतली पाण्याची पातळी आणि पाण्याची चव सांगणारी रसायनं. एवढ्यावरून खालचं सगळं ओळखायचं.

या ओळखण्याला आकड्यांत पहिल्यांदा बांधलं ते हेन्री डार्सी यांनी. फ्रान्समधल्या दिजॉन शहराला पाणीपुरवठा करून देणारे हे अभियंते. १८५५ साली त्यांनी वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापं घेतली. दोन टोकांच्या पाणीपातळीत जितका फरक जास्त तितका प्रवाह जास्त, आणि वाळूचा थर जितका लांब तितका प्रवाह कमी. १८५६ साली दिजॉनच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाच्या परिशिष्टात हे छापून आलं. दोन वर्षांत डार्सी वारले. आज भूजलाचं कुठलंही गणित उघडा, मुळाशी त्या परिशिष्टातला नियम असतो.

प्रश्न विचारा, सवडीने उत्तरं देते.

ओढ्याकाठी

ताई, व्यनि करणारी मीच. कठड्याचं वाचून पोटात कालवलं, कारण आम्हाला वर्गात आलेख देतात तेव्हा तो आकडा कुठून मोजला हे आम्ही कधी विचारतच नाही.

उपसा चाचणी पुस्तकात वाचली आहे, पाहिली नाही. प्रत्यक्षात कशी असते? आणि वर्षातले किती दिवस रानात, किती संगणकापुढे?

निवांत_वाचक

माझा या विषयाशी संबंध नाही, पण वाचतोय. पाणाड्यांबद्दल तुमचं मत काय? बेचक्यासारखी डहाळी घेऊन फिरणारे लोक पाणी दाखवतात आणि तिथे पाणी लागतंही.

भूगर्भी

@निवांत_वाचक, पाणी लागतं यात शंका नाही. बहुतेक ठिकाणी पुरेसं खोल गेलं की थोडंफार पाणी लागतंच, त्यामुळे ते लागणं हा पुरावा ठरत नाही. खरा प्रश्न असा: डहाळी जिथे वळली तिथे, आणि वीस पावलं बाजूला जिथे वळली नाही तिथे, दोन्हीकडे खोदलं तर फरक पडतो का? डोळे बांधून काटेकोरपणे घेतलेल्या चाचण्यांत हे लोक नशिबापेक्षा भरवशाने सरस ठरलेले नाहीत. मात्र त्यांच्यातल्या काही वयस्कर माणसांना उतार, झाडं आणि खडकांचे पट्टे यांची जाण असते, ती मी मानते. मीही जागा निवडताना तेच बघते. फक्त कारणं लिहून ठेवते, म्हणजे चुकले तर कुठे चुकले ते कळतं.

@ओढ्याकाठी, चाचणीचं सांगते. एका विहिरीतून एकाच गतीने पाणी उपसायचं आणि तिच्यात व आजूबाजूच्या निरीक्षण बोअरमध्ये पातळी कशी उतरते ते मोजायचं. पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला, मग अंतर वाढवत जायचं, कारण सुरुवातीला पाणी भराभर उतरतं आणि पुढे सावकाश. हे एक दिवस, कधी तीन दिवस. उपसलेलं पाणी लांब नेऊन सोडावं लागतं, नाहीतर ते मुरून पुन्हा त्याच विहिरीत येतं.

माझी एक ७२ तासांची चाचणी होती. एकोणिसाव्या तासाला, पहाटे तीनच्या सुमारास, जनरेटर बंद पडला. मी जनरेटरकडे धावले. आमच्याबरोबर एक जुने क्षेत्र सहायक होते, ते हलले नाहीत. पंपाचा आवाज थांबल्याच्या क्षणी त्यांनी घड्याळ बघितलं, फीत सोडली आणि मोठ्याने आकडे सांगायला लागले. "अर्धा मिनिट, अकरा बेचाळीस. एक मिनिट, अकरा सव्वीस." बॅटरीच्या उजेडात दुसरा मुलगा लिहीत होता. पंप थांबल्यावर पाणी परत चढतं, त्या चढणाऱ्या पाण्याच्या नोंदीही तितक्याच कामाच्या असतात. उलट पंपाची धडधड आणि चढउतार नसल्याने त्या जास्त स्वच्छ येतात. जनरेटर सुरू होईपर्यंत त्यांनी दोन तासांचे आकडे गोळा केले होते, आणि त्या जागेचं शेवटचं उत्तर त्या दोन तासांतून निघालं. ते गृहस्थ फार शिकलेले नव्हते. माझ्या शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव पहिलं आहे.

त्या आकड्यांचं पुढे काय करायचं, हे १९३५ पर्यंत कुणाला धड माहीत नव्हतं. विहिरीभोवती पाणी स्थिरावलंय असं गृहीत धरून गणितं व्हायची, आणि प्रत्यक्षात ते लवकर स्थिरावत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले चार्ल्स थाईस यांना वाटलं की जलधरातून, म्हणजे पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या थरातून, पाणी ओढलं जाणं हे धातूच्या पत्र्यातून उष्णता ओढली जाण्यासारखंच असणार. उष्णतेचं गणित आधीपासून तयार होतं. त्यांनी क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञ मित्राला लिहून विचारलं, उत्तर मिळवलं आणि ते पाण्याला लावलं. त्यातून काळाबरोबर पातळी किती उतरेल ते काढता आलं. १९४६ मध्ये कूपर आणि जेकब यांनी त्याला इतकं सोपं रूप दिलं की आलेखाच्या कागदावर सरळ रेघ ओढून काम भागायला लागलं. मी अजूनही संगणकाआधी हाताने ती रेघ ओढते.

रानात किती दिवस? पहिली दहा वर्षं वर्षातले शंभरेक दिवस. आता तीस. कमी झाले याचं वाईट वाटतं.

सांख्यिक

भूगर्भीताई, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर विरोध नोंदवतो. मी भूजलाची प्रतिमानं, म्हणजे संगणकावरची गणिती मॉडेल्स, बनवतो, चौदा वर्षं तेच करतोय. नोंदींचं मोल मान्य, पण निर्णय घेणारा माणूस २२ वर्षं थांबू शकत नाही. आज किती उपसा केला तर १० वर्षांनी काय होईल, हे त्याला आज हवं असतं. १९८४ मध्ये मॉडफ्लो आलं तेव्हापासून जमिनीखालचा प्रदेश चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीत डार्सीचा नियम आणि पाण्याचा ताळेबंद सोडवता येतो, आणि ही आज्ञावली सर्वांना फुकट आहे. शिवाय २००२ पासून ग्रेसचे दोन उपग्रह एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटरवर फिरत होते. खाली वस्तुमान वाढलं-घटलं की त्यांच्यातलं अंतर किंचित बदलायचं, आणि त्यावरून पाण्याचा साठा किती बदलला ते काढता येतं. २००९ मध्ये याच पद्धतीने वायव्य भारतातला सहा वर्षांचा तुटवडा मांडला गेला: सुमारे १०९ घनकिलोमीटर. तिथल्या सगळ्या विहिरींत फीत सोडून हे कधी कळलं असतं?

रसायनी

+१ सांख्यिक, पण अर्धाच. उपग्रहाला पाण्यात काय विरघळलंय ते दिसत नाही.

मी नमुने घेते आणि तपासते. नवीन मुलांना मी आधी एकच गोष्ट शिकवते: बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी म्हणजे जलधरातलं पाणी नव्हे. आधी उपसायचं, आणि तापमान, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन हे सगळं स्थिरावेपर्यंत उपसत राहायचं. मग नमुना. धातू मोजायचे असतील तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून नायट्रिक आम्लाचे थेंब घालायचे. नाहीतर बाटलीत लोह ऑक्सिजनशी संयोग पावून तांबूस साका बसतो आणि त्याला चिकटून आर्सेनिकही खाली बसतं. प्रयोगशाळेत वरचं निवळ पाणी मोजलं जातं, आकडा छान येतो, आणि ते पाणी कुणीतरी पीत राहतं.

आर्सेनिकवरून बांगलादेश आठवल्याशिवाय राहत नाही. १९७० च्या दशकापासून तिथे लाखो हातपंप बसले, हेतू अतिशय चांगला होता: तळ्याचं दूषित पाणी पिऊन मुलं दगावत होती, ती वाचावीत. जंतूंपासून ते पाणी खरोखर सुरक्षित होतं. पण त्या काळच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक नव्हतंच. १९९३ मध्ये ते विहिरींत सापडलं. पुढे १९९८-९९ च्या देशव्यापी पाहणीत उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत ते लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १०. कुणी विष टाकलं नव्हतं. गाळातल्या लोहाच्या ऑक्साइडला ते चिकटलेलं होतं. सेंद्रिय पदार्थ कुजून ऑक्सिजन संपला की ते लोह विरघळतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. एका अंगणातला पंप बाधित आणि शेजारचा स्वच्छ, असंही तिथे आहे. म्हणून एकेक पंप तपासून लाल किंवा हिरवा रंगवावा लागला.

भूजलाचं रसायनशास्त्र करायचं की नाही असा कुणी प्रश्न विचारला की मला ते लाल पंप दिसतात.

भूगर्भी

रसायनी, साक्याबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. असे अहवाल मी पाहिले आहेत.

सांख्यिक, विरोध मनापासून मान्य, आणि प्रतिमान नको असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तुमच्याच क्षेत्रातल्या कोनिको आणि ब्रेडहोफ्ट यांनी १९९२ मध्ये स्पष्ट मांडलं की भूजलाचं प्रतिमान खरं आहे असं सिद्ध करता येत नाही, फार तर ते खोटं ठरवता येतं. जुन्या नोंदींशी जुळवलेलं प्रतिमान पुढच्या काळाला लागू पडेलच असं नाही, आणि हे तपासायचं तर पुढच्या काळात जाऊन कुणीतरी मोजायला हवं. तो कुणीतरी कोण? ग्रेसचा आकडाही काही शेकडो किलोमीटरच्या प्रदेशाचा असतो. त्यातून मातीतला ओलावा आणि तलावांतलं पाणी वजा केल्यावर उरतं ते भूजल. माझ्या शेतकऱ्याची विहीर का उतरली, किंवा उतरलीच नाही, हे त्यात दिसणार नाही.

थाईस यांचाच १९४० चा एक विचार मला रोज लागतो. विहिरीतून उपसलेलं पाणी कुठून तरी येतं: आधी साठ्यातून, आणि नंतर एकतर मुरणं वाढतं किंवा झऱ्या-नद्यांना मिळणारं पाणी घटतं. म्हणून 'पुनर्भरणाइतकाच उपसा केला तर सुरक्षित' हे वाक्य मला पटत नाही. पुनर्भरणाचं ते पाणी आधीपासून कुठल्यातरी झऱ्याला जात होतं. तुम्ही ते घेतलंत तर झरा आटणार, फक्त तो आज आटणार नाही. हंगेरीतून कॅनडात गेलेल्या योझेफ टोथ यांनी १९६३ मध्ये दाखवलं की एकाच खोऱ्यात पाण्याचे लहान, मध्यम आणि विशाल असे प्रवास एकाखाली एक चालू असतात. टेकडीवर मुरलेलं काही पाणी पायथ्याशी काही वर्षांत बाहेर पडतं, काही हजारो वर्षं खाली फिरत राहतं.

सांख्यिक

झऱ्याचा मुद्दा मान्य. आणि खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या प्रतिमानाने १० वर्षांपूर्वी वर्तवलेल्या पातळ्या मी अजून कुणाच्या नोंदींशी ताडून बघितलेल्या नाहीत. तिथलं मोजमाप प्रकल्पाबरोबरच थांबलं. पैसे तीन वर्षांचे होते.

भूगर्भी

हेच. हेच मला लिहायचं होतं आणि सापडत नव्हतं. संशोधनाचे पैसे तीन वर्षांसाठी मिळतात, जलधराला उत्तर द्यायला तीस वर्षं लागतात. तीन वर्षांत शोधनिबंध हवेत, म्हणून तरुण माणूस नवी पद्धत, नवी जागा, नवं नाव शोधतो. जुन्या विहिरीत पुन्हा एकदा फीत सोडल्याबद्दल कुणी बढती देत नाही. मी एकदा ११ बोअरचं जाळं स्वतः उभं केलं होतं. प्रकल्प संपला, दोन वर्षांनी गेले तर चार बोअरमध्ये दगड टाकलेले, एकावर घर बांधलेलं. कुणाचा दोष काढत नाही, पण त्या दिवशी परतताना मी गाडीत बोलले नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातलं एक छायाचित्र माझ्या टेबलावर असतं. विजेच्या खांबाशेजारी जोसेफ पोलंड हे शास्त्रज्ञ उभे आहेत. खांबावर तीन पाट्या: त्यांच्या डोक्याच्याही कितीतरी वर १९२५, खाली १९५५, पायाशी १९७७. त्या त्या वर्षी जमीन तिथे होती. उपशामुळे चिकणमातीचे थर दाबले गेले आणि जमीन सुमारे ९ मीटर खचली. तो दाबलेला थर पुन्हा फुगत नाही, पाणी परत भरलं तरी नाही. पन्नास वर्षांची मोजमापं नसती तर त्या पाट्या कुठे लावायच्या हे कुणाला कळलं असतं?

रसायनी

ताई, रेल्वेचं सांगा ना त्यांना. मागे तुम्ही मला सांगितलं होतं.

भूगर्भी

हो, ते राहिलंच. जेकब यांनी १९३९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका बोअरची नोंद छापली. जवळून रेल्वे जायची. गाडी आली की बोअरमधलं पाणी वर चढायचं, गाडी गेली की उतरायचं. दाबाखालच्या जलधरावर गाडीचं वजन आलं की खडकाबरोबर पाणीही दाबलं जातं, त्याचा तो पुरावा. जलधर लवचीक असतो, आणि तो लवचीकपणा हाही पाण्याच्या साठ्याचाच एक भाग. त्या आलेखात मला अख्खं शास्त्र दिसतं. दुसऱ्या कुणी 'गाडीमुळे गडबड होते' म्हणून ते आकडे खोडले असते.

ओढ्याकाठी

ताई, मग पीएचडी करू का? घरचे विचारतात नोकरी कुठे. आणि भूशास्त्रातून यावं की अभियांत्रिकीतून?

भूगर्भी

दोन्हीकडून माणसं येतात. भूशास्त्रवाल्याला खडक वाचता येतो, गणित कच्चं असतं. अभियंत्याचं उलट. जे कच्चं आहे ते पहिल्या दोन वर्षांत भरून काढायचं, पुढे वेळ मिळत नाही. नोकऱ्या सरकारी यंत्रणांत, सल्लागार कंपन्यांत, खाणी आणि मोठ्या बांधकामांवर, दूषित जागांच्या तपासणीत, संस्थांमध्ये आणि विद्यापीठांत असतात. प्रोग्रॅमिंग आणि नकाशांची सॉफ्टवेअर आता यायलाच हवीत. कॅनडाचे जॉन चेरी यांनी भूजलाची पुस्तकं जगभर मोफत मिळावीत म्हणून प्रकल्प सुरू केला आहे, तिथून वाचायला लाग. चेरींना २०२० चं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालं.

पीएचडी कर, पण विषय निवडण्याआधी एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली मोजमाप कर. उन्हात फीत सोडताना कंटाळा येतो की उत्सुकता वाटते, हे तुझं तुलाच कळेल. आणि तुझ्या मार्गदर्शकाला विचार, त्याने शेवटचं कधी स्वतःच्या हाताने पाणी मोजलं होतं.

ओढ्याकाठी

आमच्या महाविद्यालयाच्या मागे एक वापरात नसलेली विहीर आहे. तिथे सुरुवात करू?

भूगर्भी

कर. एकटी जाऊ नकोस, आणि वाकून बघायचं नाही. कठड्यावर एक जागा ठरव, न पुसणाऱ्या रंगाने खूण कर, आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोज. खुणेची जमिनीपासूनची उंची आधी लिही. खुणेचा फोटो काढून वहीत चिकटव. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, कुणी मोजलं आणि शेजारी कुठला पंप चालू होता का ते लिही. दोनदा मोज, दोन्ही आकडे लिही, सरासरी काढू नकोस. कठड्याला कुणी हात लावला तर तेही लिही. पेन्सिलने नको.

ओढ्याकाठी

आज मैत्रिणीला घेऊन गेले. खूण पूर्वेच्या बाजूला, लाल बाण. जमिनीपासून ७१ सेंटिमीटर. वेळ सकाळी ७:१०. खुणेपासून पाणी ६.३८ मीटर, दुसऱ्यांदा ६.३९. शेजारचा पंप बंद होता. कठड्याच्या उत्तर बाजूचा एक दगड सुटलेला आहे, त्याचाही फोटो घेतला.